कढईतून सरहद्दीला

माझा थोरला भाऊ फौजेत होता. तो रजेवर आला की आमच्या घरात भूगोलाचा तास भरायचा, आणि त्या तासाला ना नकाशा लागायचा ना फळा. माय भाकरीसाठी परातीत ज्वारीचं पीठ काढायची आणि पाणी आणायला वळायची. तेवढ्यात दादा त्या पिठाचे डोंगर करायचा. एक उंच, त्याला खेटून दुसरा, मध्ये बोटानं ओढलेली घळ. माथ्यावर चिमूटभर मीठ टाकलं की बर्फ पडला.

“ही नदी,” तो घळीवर बोट ठेवून सांगायचा. “ह्या कड्याला आमची चौकी. आन् पल्याड, तितं, ते.”

ते म्हणजे शत्रू. मी परातीच्या त्या कडेकडे श्वास रोखून बघायची.

“आन् मधी काय हाय?”

“बर्फ.”

“कुणाचा?”

“कुणाचाच न्हाई.”

“मग जे कुणाचंच न्हाई त्याच्यापायी एवढी माणसं कामून बसवलेत?”

दादाला याचं उत्तर येत नसे आणि तो तसं कबूलही करत नसे. तोवर माय यायची. “पीठ हाय ते. उठीव तुझी फौज, भाकरी करायच्यात,” म्हणून ती परातीत पाणी ओतायची. सरहद्द मळली जायची आणि तव्यावर पडायची.

मी तेव्हा नुकतीच बारावी झाले होते. परभणीच्या पलीकडचं जग मी पाहिलेलं नव्हतं. डोंगर म्हणायचा तर चारठाण्याला मावशीकडे जाताना लागायची ती टेकाडं. त्यामुळे दादा जे सांगायचा ते ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. छोट्या लाइनीच्या गाडीनं मनमाड, तिथून बड्या लाइनीनं दिवसच्या दिवस वर, रूळ संपेपर्यंत. मग फौजेच्या ट्रकांचा काफिला. रस्ता डोंगर फोडून काढलेला, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खोल दरी, आणि खाली आदल्या कुठल्या तरी साली पडलेला ट्रक आगपेटीएवढा दिसतो. ट्रक जिथं थांबतात तिथून खेचरं. खेचरांना चढावर दम लागू नये म्हणून गूळ चारतात, आणि माणसांनाही. खेचरं जिथं थांबतात तिथून पाठीवर ओझं घेऊन माणूस. आणि माणूसही जिथं थांबेल अशा जागी चौकी.

वाटेत एक नदी होती. तिच्यावरून लोखंडी तार बांधलेली आणि तारेला पाळणा टांगलेला. त्यात एकेक माणूस बसायचा आणि पलीकडची माणसं दोर ओढायची. खाली पाणी हिरवंगार, आणि त्याचा आवाज इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. हे सांगताना दादाचाच आवाज खाली यायचा. इतक्या वेळा त्या पाळण्यात बसूनही त्याची नवलाई ओसरली नव्हती. मला वाटायचं, या माणसानं काय काय पाहिलं! आमच्या वस्तीत जन्मून, आमच्याच विहिरीचं पाणी पिऊन!

एकदा असंच सगळं सांगून झाल्यावर तो दारात जाऊन उभा राहिला आणि नदीकडे बघत म्हणाला, “तिकडं माणूस न्हाई, तरी रस्ता हाय. हितं एवढी माणसं हायत, आन् पूल न्हाई.”

आमच्या नदीचं नाव दुधना. आम्ही अल्याड आणि मानवत रोड स्टेशन पल्याड. मध्ये दगडांची एक ठेंगणी फरशी होती. उन्हाळ्यात तिच्यावरून एस.टी. यायची. पावसाळ्यात जरा पाणी वाढलं की फरशी बुडायची, एस.टी. पल्याडच थांबायची आणि आमचं गाव जगापासून तुटायचं. मोठा पूल होता तो लांब, परभणीच्या अंगाला, आणि तिकडे जायच्या वाटेवरचे ओढेही दुधनेबरोबरच फुगायचे. अशा वेळी गाव नदी ओलांडायचं ते कढईतून.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो, म्हणून जरा उलगडून सांगते. कॅनॉलचं पाणी आलं तसा आमच्याकडे ऊस आला, आणि उसामागून गावात एक गुऱ्हाळ उभं राहिलं. गुऱ्हाळात रस आटवायची लोखंडी कढई असते. चारपाच माणसं तिच्यात मांडी घालून बसतील एवढी ती रुंद, काठ बुटके, तळ जवळजवळ सपाट. हिवाळाभर तिच्यात गूळ शिजायचा. पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद, कढई रिकामी. पूर आला की गडी ती गाडीवर घालून नदीवर आणायचे. तिघे भोई पाण्यात उतरून, पोहत, तिला ढकलत पल्याड न्यायचे. शाळेचे गुरुजी तिच्यातून यायचे, पोस्टमन यायचा, अडलेली बाई त्यातूनच दवाखान्याला जायची, दुधाचे कॅन जायचे. एकदा तर एक व्यालेली शेळी दोन करडांसह गेली होती.

आम्ही मात्र जायचो नाही. आम्ही म्हणजे बौद्ध वस्ती. तसा कुणी नियम केला नव्हता, आणि नियमच नसल्यामुळे तो मोडायचा कसा हेही कुणाला कळत नव्हतं. ज्या कढईत गावाचा गूळ शिजतो तिला आमचे पाय लागायचे नाहीत, एवढंच. आमच्यातला कुणी अडला तर तो वाळल्या भोपळ्यांची सांगड पोटाला बांधून पोहायचा, नाहीतर म्हशीचं शेपूट धरायचा. म्हशीला आमच्या हाताचा विटाळ नव्हता. तिच्याएवढी शहाणी मंडळी गावात थोडी होती.

त्यात ती नामांतराची वर्षं. विद्यापीठाच्या नावासाठी आमची माणसं मोर्च्याला गेली होती, आणि त्याची फेड म्हणून वस्तीला कितीतरी दिवस कुणी कामाला बोलावलं नव्हतं. पुढं हळूहळू बोलणं सुरू झालं, कामही मिळू लागलं. पण माणसं बोलताना एकमेकांच्या तोंडाकडे न बघता बैलाकडे नाहीतर आभाळाकडे बघत. उसाची गोष्ट निराळी. ऊस तोडायला आमच्याच बाया लागायच्या. मोळ्या आमच्या डोक्यावरून गुऱ्हाळापर्यंत यायच्या आणि चरकाच्या अलीकडेच आमचे हात संपायचे.

पोळा झाला आणि दादाची रजा सरत आली. त्या वेळी आमच्याकडे पाऊस नव्हता. आभाळ निळं, ऊन इतकं की कपाशीची पानं दुपारी माना टाकत होती. दादानं टिनाची काळी ट्रंक भरली, तिच्यावरचं पांढऱ्या रंगातलं नाव आणि नंबर ओल्या फडक्यानं पुसून उजळ केला, वर्दीला तांब्यात निखारे घालून इस्त्री केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळची गाडी होती. आणि सकाळी उठून बघतो तर दुधना दोन्ही काठ भरून चाललेली.

पाऊस वर जालन्याकडे झाला होता, पूर आमच्याकडे आला होता. उन्हात आलेला पूर मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. पावसातला पूर पावसाचाच भाग वाटतो. पण स्वच्छ उन्हात, पाखरं ओरडत असताना, एवढं गढूळ पाणी झाडंझुडपं घेऊन मुकाट्यानं निघालेलं बघितलं की पाय आपोआप मागं सरतात. फरशी कुठं होती ते सांगता येत नव्हतं. बाभळीचे शेंडे तेवढे थरथरत होते. मी भीत होते, पण तिथून माझे डोळे हलत नव्हते. एवढी मोठी गोष्ट माझ्या दारावरून जात होती.

मायला पुराचं कौतुक नव्हतं. तिला एकच सुचत होतं.

“गाडी चुकली तर रं?”

“चुकली तर मनमाडची बडी गाडी चुकती. मंग वरचा काफिला चुकतो. रजा संपून माणूस हजर न्हाई मंजे त्याला भगोडा लिवतात,” दादा म्हणाला.

भगोडा हा शब्द मायनं पहिल्यांदाच ऐकला, पण त्याचा अर्थ तिला विचारावा लागला नाही. ती खाली बसली. आमचे वडील पूर्णेला रेल्वेत गँगमन होते, महिन्यातून एकदा घरी यायचे, त्यामुळे घरात विचारायला दुसरं कुणी नव्हतं. तिच्या पोटातली भीती मला कळत होती. वस्तीतून फौजेत गेलेला दादा पहिला. तो गेला तेव्हा गावात म्हटलं गेलं होतं की टिकायचा नाही, बर्फ बघून पळून येईल. आता तो चार दिवस जरी उशिरा पोहोचला असता, तरी ते सगळे तोंडं आ करून बसलेच होते.

पोहून जाणं दादाला अवघड नव्हतं. पण ट्रंक, वर्दी आणि गाडीचा वॉरंट, म्हणजे फौजेनं दिलेला प्रवासाचा कागद, पोहून जात नाहीत. शिवाय भोई म्हणाले, हे पाणी सांगडीचं न्हाई, ओंडके येऊ लागलेत. कढई असेल तरच जमंल.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं मी मायला म्हणाले. तिनं माझ्यावर डोळे वटारले आणि ती गुऱ्हाळाच्या मालकाकडे निघाली, तिच्या मागून मी.

मालक नदीच्या वरच्या थडीवर लिंबाखाली खाट टाकून बसले होते. कढई खाली पाण्याजवळ आणून ठेवलेली. साठीचा माणूस, अंगानं वाळका, बोलायला कंजूष. पण आवाज असा, की रानात एका टोकाला उभे राहून दुसऱ्या टोकाच्या गड्याला दबक्या आवाजात बोलल्यासारखं बोलायचे आणि त्याला ते ऐकू जायचं. दादा वर्दी घालून आला होता. गावाचा रिवाज राम राम घालायचा आणि आमचा जय भीम म्हणायचा. दादानं टाच जुळवून “जय हिंद” केलं. मालकांचा हात कपाळापर्यंत जायला निघाला, वाटेत थांबला आणि परत मांडीवर आला. याला उत्तर काय द्यायचं ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

मायनं सगळं सांगितलं. मालक पुराकडे बघत ऐकत होते.

“मला काय न्हाई गं बाई,” ते शेवटी म्हणाले. “मी कायबी मानत न्हाई. पण लोक हायत. उद्या गूळ कोण घेईल माझा?”

हे ‘लोक’ कोण, ते मला आजवर सापडलेले नाहीत. ज्याला विचारावं तो स्वतः मानत नसतो, लोक मानतात. आख्ख्या गावात लोक नावाचा माणूस एकही नव्हता आणि सत्ता मात्र त्याचीच.

“मालक,” दादा म्हणाला, “वर चौकीत आमी मुलूखमुलूखचे सगळे एकाच देगेतलं खातो. सरकारनंच तसं केलंय.”

“तिकडची गोष्ट तिकडं.”

“बरं. मंग हितली सांगा.”

मालकांनी खाटेवरून खाली कढईकडे बघितलं, दादाच्या बुटांकडे बघितलं आणि तोडगा काढला. असा तोडगा आमच्या गावाशिवाय जगात कुणाला सुचला नसता. ट्रंक कढईत ठेवायची. ट्रंक सरकारी, टिनाची, तिला काही होत नाही. दादानं थडीवरून थेट ट्रंकेवर पाय टाकायचा आणि ट्रंकेवरच बसायचं, पाय वर घेऊन. कढईला पाय लागू द्यायचे नाहीत. म्हणजे दादाही जाईल आणि गूळही राहील.

“आन् बूट काढ,” ते म्हणाले. “बुटासकट तर कुणीच बसत न्हाई.”

माझं डोकंच फिरलं. मी दादाला मराठीत, हिंदीत आणि जमेल तेवढ्या इंग्रजीत सांगितलं की तू सरकारचा माणूस आहेस, कढई जप्त कर. तो हसला. “फौज लोकांची भांडी उचलत न्हाई,” म्हणाला. मग मालकांकडे वळून, “तुमचा हुकूम. मानला,” एवढंच बोलला. त्याच्या बोलण्यात टोमणा होता की नाही ते मला तेव्हा कळलं नाही.

बातमी गावभर झाली आणि दोन्ही गावं, म्हणजे त्यांचं आणि आमचं, थडीवर जमली. एरवी सभेलाही अशी एकत्र येत नसत. उभी मात्र वेगवेगळीच राहिली, मध्ये गाडीवाट सोडून.

ट्रंक कढईच्या मधोमध ठेवली. दादानं बूट काढले, नाड्या एकमेकींना बांधून ते गळ्यात अडकवले, एका भोयाच्या खांद्याला धरून थडीवरून ट्रंकेवर पाय टाकला आणि बसला. गुडघे छातीशी, दोन्ही पाय ट्रंकेच्या झाकणावर, गळ्यात बूट, डोक्यावर तिरकी टोपी. कुणीतरी पोर हसलं आणि त्याला बापाची चापट बसली. मला हसायला आलं नाही आणि रडायलाही नाही. बर्फाच्या डोंगरावर देश राखणारा माणूस गावची नदी ओलांडताना पाय पोटाशी घेऊन कोंबड्यासारखा बसला होता.

भोयांनी कढई ढकलली.

काठाजवळ पाणी संथ होतं, तोवर ठीक चाललं. पुढं धारेत शिरल्यावर कढई गोल फिरायला लागली. तसं ती नेहमीच फिरायची. खाली बसलेल्या माणसाचं त्यात काही बिघडत नसे. पण दादा उंचावर होता. क्षणात त्याचं तोंड आमच्याकडे, क्षणात पाठ. पाण्यापुढं ती कढई एवढीशी दिसायला लागली, आणि तिच्यातला माणूस त्याहून एवढासा. त्याच्या गोष्टीतली हिरवी नदी, तो तारेवरचा पाळणा, सगळं मला एकदम आठवलं. तिथं निदान वर तार होती.

धारेच्या मध्यावर वरून एक बाभूळ मुळासकट आली. एका भोयानं कढई सोडून ती हातापायांनी बाजूला लोटली. तेवढ्यात कढई एका अंगाला कलली. ट्रंक घसरत काठाला लागली आणि काठावरून पाणी आत आलं. दादानं तोल सावरला. आता त्यानं खाली उतरायला हवं होतं. वजन तळाला गेलं की कढई स्थिर होते, हे आमच्या नदीकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण त्यानं पाय वरच धरले.

“खाली बस, दादा!” मी ओरडले. माय ओरडली. तिनं आमच्या सगळ्या पूर्वजांच्या शपथा घातल्या. वस्तीतली माणसं ओरडली. कढई दुसऱ्यांदा कलली, पुन्हा पाणी आत आलं, भोई जिवाच्या आकांतानं तिला दोन्ही अंगांनी धरून होते. दादा ट्रंकेवर उकिडवा, पाय वर, मान ताठ. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं सुंभ बुडत होता.

आणि मग माझ्या शेजारून, म्हणजे गाडीवाट ओलांडून आमच्या बाजूनं, मालक धावत गेले. धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, पायात जोडा नाही. कमरेएवढ्या पाण्यात शिरले. गड्यानं मागून धरलं नसतं तर वाहूनच गेले असते. दोन्ही हात तोंडाशी धरून त्यांनी तो रानातला आवाज लावला. दबका नाही, पुरा.

“आरं बस खाली! खाली बस! पाय सोड कढईत! म्या सांगायलोय तुला, म्या! बस तळाला, मधोमध बस!”

कढई फिरत होती. दादाचं तोंड आमच्याकडे आलं. त्यानं थडीकडे बघितलं. मग सावकाश, अगदी सावकाश, त्यानं एक पाय खाली सोडला, कढईच्या तळाला टेकवला, मग दुसरा. ट्रंक पोटाशी ओढून तो तळाला बसला. कढई डुलली, डुलली आणि सरळ झाली.

दोन्हीकडची माणसं तशीच उभी राहिली, आणि ती कढई लहान होत होत पार खालच्या वळणाला पल्याड लागेपर्यंत बघत राहिली. नदीचा तेवढा आवाज येत होता. मी पुढं आयुष्यात समुद्र पाहिला, दादानं बोलावल्यावर त्याचे बर्फाचे डोंगरही लांबून पाहिले. पण त्या दुपारी, त्या गढूळ पाण्यावर, एक पाय एक वीतभर खाली येताना मी जे पाहिलं तेवढं मोठं काही मला पुन्हा दिसलं नाही.

पल्याड उतरून दादानं ट्रंकेवर बसून बूट घातले, उभा राहिला आणि आमच्या दिशेनं सॅल्यूट केला. तो आम्हाला केला असं माय मरेपर्यंत सांगत होती. मालक सांगत की तो त्यांना केला. एवढ्या लांबून खात्री कोण देणार! मग ट्रंक डोक्यावर घेऊन तो स्टेशनच्या वाटेनं निघाला आणि ज्वारीच्या पिकात दिसेनासा झाला.

गाडी मिळाली. मनमाडही मिळालं. काफिल्याचा शेवटचा ट्रक मिळाला. पोहोचल्याचं कार्ड आलं तेव्हा मायनं ते मला चार वेळा वाचायला लावलं, आणि मग नेसूच्या कनवटीला खोचून ती उगाचच मारुतीच्या पारावरून दोनदा ये-जा करून आली.

हिवाळा लागला, गुऱ्हाळ पेटलं. आधी मालकांनी कढई राखेनं आणि चिंचेनं घासून घेतली. ती दरवर्षीच तशी घासत, त्यामुळे यंदा ती कशापायी घासली ते कुणाला बोलता येईना. गूळ झाला. गाव पहिल्या ढेपेकडे बघत मूग गिळून बसलं. मग मालकांनी स्वतः खडा मोडून तोंडात टाकला, आणि त्यांच्यामागून एकेकानं. गूळ गोडच होता. माघ सरायच्या आत सगळा संपला, आणि ‘लोक’ कुठं गेले होते कुणास ठाऊक.

दादा पुढं उन्हाळ्यात रजेवर आला. आल्या दिवशीच मी त्याला धारेवर धरलं. परातीत पीठ काढलेलं होतं, पण मी त्याला डोंगर करू दिले नाहीत.

“एवढा आवाज दिला आमी. ऐकू आला न्हाई का तुला?”

“आलता की.”

“माझा?”

“तुझाबी. मायचाबी. तू मला काय काय म्हनलीस तेबी आलतं.”

“मग बसला कामून न्हाईस? बुडला असतास की!”

दादानं पिठात एक रेघ ओढली आणि ती पुसली. “हुकूम तुमचा नव्हता,” तो म्हणाला. “ज्याचा हुकूम, त्यानंच माघारी घ्यायचा असतो. मी त्याची वाट बगत होतो.”

“आन् त्यानं घेतलाच नसता तर?”

“घेतला असता.”

“कशावरून?”

त्याचं उत्तर त्याला येत नव्हतं आणि या वेळी त्यानं तसं कबूल केलं. “मला बी भ्याव वाटायलतं,” तो हळूच म्हणाला. “लय. पन म्हनलं, मी आपल्या मनानं खाली बसलो तर मी चोरून बसलो असं होईल. मंग उद्या तू कशी बसशील?”

मी हातातली पिठाची मूठ त्याच्या अंगावर फेकली. त्याच्या मिशांवर बर्फ पडला. मला त्याचा इतका राग आला होता आणि तो मला इतका मोठा वाटला होता की दोन्हीतलं काय आधी सांगावं ते कळेना, म्हणून मी रडले. माय म्हणाली, “पीठ हाय ते,” आणि पदर डोळ्याला लावून चुलीकडे वळली.

त्याच पावसाळ्यात मला परभणीला अध्यापिका विद्यालयात प्रवेश मिळाला. जायच्या दिवशी दुधना पुन्हा भरलेली. दादा सरहद्दीवर, वडील पूर्णेला. मी कापडी पिशवी घेऊन, चपला हातात धरून, एकटीच थडीवर गेले. कढई पाण्यात होती. भोई तिला धरून उभे होते. आत गुरुजी आणि दुधाचे दोन कॅन बसलेले. मालक लिंबाखाली खाटेवर.

भोई माझ्याकडे बघेनात, ते मालकांकडे बघत होते. गुरुजी पाण्याकडे. मला आत पाय टाकता आला असता. कुणी अडवलं नसतं, गेल्या सालचं सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होतं. पण मी उभी राहिले. लिंबाकडे तोंड करून मालकांकडे नीट बघितलं, बैलाकडे नाही, आभाळाकडे नाही. कढई काठाला टकटक लागत होती.

मालक खाटेवरून उठले. सावकाश उतार उतरून पाण्यापाशी आले. त्यांनी माझ्या हातातल्या चपला बघितल्या, पिशवी बघितली.

“शाळेला चाललीस का?” त्यांनी विचारलं.

“मास्तरीण व्हायला.”

“बरं.” त्यांनी गुरुजींना हातानं सरकायची खूण केली. “कडंला बसू नको बाई, पाणी लय हाय. बस खाली, मधोमध.”

मी आत उतरले. लोखंड उन्हानं तापलेलं होतं. दोन्ही पाय पसरून, तळवे पुरे टेकवून मी मधोमध बसले, आणि भोयांनी कढई धारेला लावली.